सातवी मोटर

आमच्या घरी फवारणीचा एक नियम होता. पाठीवर पंप असलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही. दुसऱ्याने बांधावर थांबायचं, ड्रममधून पाणी काढून द्यायचं आणि टाकी भरता भरता त्याला एक प्रश्न विचारायचा. प्रश्न कसलाही चालायचा. सकाळी काय खाल्लं, आज वार कोणता, आपल्या गोऱ्ह्याला कितवं वर्ष लागलं. उत्तर सरळ आलं तर पुढचा पंप. अडखळत आलं, किंवा माणूस नुसताच बघत राहिला, तर त्या दिवसाची फवारणी संपली. हा नियम वडिलांनी घातला होता. ते गेल्यावर दादा आणि मी तो पाळत होतो. खरं म्हणजे दादा आणि वहिनी पाळत होते. मी चिखलीत फोटो स्टुडिओ टाकून बसलो होतो आणि शेतात पाहुण्यासारखा जायचो.

ज्या दिवसाबद्दल लिहितो आहे त्या दिवशी वहिनी माहेरी गेली होती आणि बांधावर थांबायची पाळी माझी होती. मी थांबलोही होतो. फक्त माझं तोंड आभाळाकडे होतं.

आधी त्या यंत्राचं सांगायला हवं. त्याच्या आदल्या लग्नसराईत बाहेरगावची एक पार्टी ड्रोन घेऊन चिखलीत आली आणि माझ्या हातातलं एक लग्न घेऊन गेली. मग ज्याला त्याला वरून शूटिंग हवं झालं. नवरदेवाचे मामा स्टुडिओत येऊन पहिल्यांदा विचारायचे, ‘वरतून घेता का?’ मला राग यायचा. वीस वर्षं जमिनीवर उभा राहून फोटो काढले, त्याचं काहीच नाही का? बाजारात मिळणारे तयार ड्रोन मी पाहिले होते, त्यांचं चित्र मला पसंत नव्हतं. माझाच कॅमेरा, माझीच लेन्स वर गेली पाहिजे, हे मी डोक्यात घेतलं. मी एकदा डोक्यात घेतलं की कोणाचं ऐकत नाही. बायको म्हणते, तुम्हाला ऐकूच येत नाही.

ऐकू येणारा माणूस मला देऊळघाटात भेटला. तिथे एका चाचांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. पंचावन्नच्या पुढचे, गुडघ्यांनी त्रासलेले, आयुष्यभर विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी भरत आलेले. ड्रोन त्यांनी फक्त मोबाइलवर पाहिला होता. मी कुरियरने आलेल्या सहा मोटरी त्यांच्या पुढ्यात ठेवल्या तेव्हा त्यांनी त्यातली एक चिमटीत धरून फिरवली, कानाजवळ नेली आणि म्हणाले, “मोटरच हाय ना? मंग हे आपलंच काम.” चालू मोटरीला लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची तपासणी. बेअरिंग कोरडं आहे की शाफ्ट वाकला आहे, ते डोळे उघडायच्या आत सांगायचे.

सहा हातांचा सांगाडा आम्ही त्यांच्या दुकानामागच्या अंगणात उभा केला. ॲल्युमिनियमचे पाइप, प्रत्येकाच्या टोकाला एक मोटर, मोटरीवर पातं, मधल्या पत्र्यावर बॅटऱ्या आणि खाली कॅमेऱ्याचा झुला. कॅमेरा लगेच लावायची माझी छाती होईना. तो एकच चांगला कॅमेरा होता. म्हणून बीटी कपाशीच्या बियाण्याची रिकामी पाकिटं घेतली आणि त्यांत रेती भरली. साडेचारशे ग्रॅमची तीन पाकिटं म्हणजे जवळपास माझा कॅमेरा लेन्ससकट. थोडं कमी पडलं तेव्हा दादाकडून बिगरबीटीचं छोटं पाकीट आणलं. ते बी शेताच्या कडेने लावायचं असतं. आमच्याकडे कोणीच लावत नसे. दादाच्या फळीवर तशी चार-पाच पाकिटं पडून होती.

“नाकापेक्षा मोती जड हाय, भाऊ,” चाचा झुल्याकडे बघून म्हणाले. पहिल्या दिवशी ते यंत्र गुडघ्याएवढं वर उठलं, एका अंगाला कललं आणि तारांच्या ढिगात जाऊन पडलं. रेती अंगणभर झाली. चाचांनी पडलेल्या यंत्राकडे न बघता सांगितलं, “पाचवी बराबर बोलून नाई राह्यली.” पाचवी मोटर उघडली तर बेअरिंगमध्ये कचरा. असं दोन महिने चाललं. पडायचं, ते ऐकायचे, आम्ही उघडायचो. शेवटी यंत्र वर थांबायला लागलं, तर चित्र थरथरायला लागलं. मग सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून झुल्याखाली घातले. आता उरली होती खरी परीक्षा. मोकळ्या रानात, खऱ्या कॅमेऱ्यासह. दिवाळीनंतरच्या पहिल्या लग्नाची सुपारी मी आधीच घेऊन बसलो होतो.

मोकळं रान म्हणजे दादाचं सहा एकर. फवारणीचा दिवस आणि परीक्षेचा दिवस मी एकच ठरवला. एका दगडात दोन पक्षी, असं मी चाचांना म्हणालोसुद्धा. हे आठवलं की आजही मला स्वतःचा संताप येतो.

ते वर्ष वाईट होतं. बीटी आली तेव्हा बोंडअळी गेली, असं आम्ही सगळे समजून बसलो होतो. त्या वर्षी बोंडं फोडली की आत गुलाबी अळी आणि सडलेला कापूस. वरून बोंड हिरवंगार, काही कळायचं नाही. माणसं घाबरून दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र करून मारत होती. पलीकडच्या जिल्ह्यांतून फवारणाऱ्या माणसांना दवाखान्यात नेल्याच्या बातम्या येत होत्या. कपाशीही त्या वर्षी माजली होती. दादा तासात, म्हणजे कपाशीच्या दोन ओळींमध्ये, शिरला की दिसायचा तो टोपीपुरता, आणि कुठे कुठे तेवढाही नाही. औषध खाली पडण्याऐवजी तोंडावरच उडायचं. ऑक्टोबरचं ऊन असं की तोंडाला बांधलेलं फडकं दुसऱ्या पंपालाच गळ्यात आलेलं असायचं.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा दादाने पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप सुरू केला होता. चाचांनी तो ऐकून तोंड वाकडं केलं. “प्लग साफ करा. एक ठोका गाळून राह्यला.”

“गाळू द्या ठोका,” दादा म्हणाला. “अळीले काय समजते!” मग माझ्या हातातल्या खोक्याकडे बघून, “आता आभाळातून शेती करतं काय बे? उंटावरून शेळ्या हाकायचे दिवस आले तुहे.”

पहिल्या दोन पंपांना मी नियम पाळला. पाणी ओतलं, प्रश्न विचारला. दुसऱ्यांदा विचारलं, वहिनी कधी येणार? तो म्हणाला, “परवा. पण तुहं लक्ष कुठी हाय?” माझं लक्ष वाऱ्याकडे होतं. वारा पडला होता. उन्हं वर आली की पुन्हा सुटला असता. मी ड्रम काठोकाठ भरून ठेवला आणि म्हणालो, “दादा, पुढचे दोन-तीन पंप तू भरून घेशीन काय? मी इथीच हावो.”

“जाय, उडव तुही भिंगरी,” तो म्हणाला आणि तासात शिरला.

पहिलं उड्डाण रेतीच्या पाकिटांवर झालं. बांधावरून उचललं, कपाशीवरून फिरवून आणलं, उतरवलं. चाचा डोळे मिटून उभे होते. त्यांनी अंगठा वर केला. मग मी पाकिटं काढली आणि कॅमेरा लावला. हाताला घाम सुटला होता, स्क्रू दोनदा निसटला. रिमोटला जोडलेला छोटा स्क्रीन मी बाभळीच्या सावलीत स्टँडवर ठेवला आणि यंत्र उचललं.

सगळ्यात अवघड परीक्षा एका जागी थांबण्याची. लग्नात मंडपावर थांबावं लागतं, आणि जराही सरकलं तर चित्र वाया जातं. शेताच्या साधारण मध्यावर, विजेच्या खांबाच्या थोडं अलीकडे, मी यंत्र नेऊन थांबवलं आणि मनात मोजायला लागलो. डोळ्यांत तेल घालून स्क्रीन बघत होतो. क्षितिजाची रेघ सरळ. खांब सरळ. थरथर नाही. तेवढ्यात खालच्या बाजूला, हिरव्यात, दादा दिसला. लाल दुपट्टा डोक्यावर धरून हलवत होता.

“पाहा चाचा,” मी हसत म्हणालो, “दादा हात दाखवून राह्यला. टिंगल करते आपली.”

ड्रोन दिसला की माणसं हात हलवतात. देऊळघाटात पोरं हलवायची, रस्त्यावरच्या जीपमधली माणसं हलवायची, एकदा एका म्हातारीने दोन्ही हात जोडले होते. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. उलट दादा चित्रात आडवा येतो म्हणून मी कॅमेऱ्याची मान थोडी वर उचलली. पूर्ण दोन मिनिटं यंत्र तिथे थांबलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात स्थिर चित्र होतं.

यंत्र उतरवून आम्ही सावलीत बसलो. सहा मोटरींनी कान बसले होते. मी चित्रण पुन्हा पुन्हा लावत होतो, पुढे ढकलून, मागे आणून, आणि दर वेळी नजर क्षितिजावर. चाचा हसत होते. मी त्यांना बिडी दिली. किती वेळ गेला असेल? आठ मिनिटं, दहा मिनिटं. मी आजवर ती मिनिटं वेगवेगळ्या तऱ्हेने मोजून पाहिली आहेत, दहाच्या खाली येत नाहीत.

मग चाचांनी बिडी तोंडातून काढली आणि मान तिरपी केली. “भाऊ, एक मोटर कमी हाय.”

मी यंत्राकडे बघितलं. “कोणती? पाचवी?”

“याची नाई. सातवी. तुमच्या भाऊची.”

रान गप्प होतं. ठोका गाळणारा पंप कुठेच वाजत नव्हता. मी ड्रमकडे धावलो. ड्रम अर्धा होता आणि आसपास कोणी नव्हतं. हाक मारली. दोनदा, तीनदा. मग मी कपाशीत घुसलो. चाळीस-पन्नास पावलांतच मला कळलं की मी आंधळा झालो आहे. चारी बाजूंना पानं, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, औषधाचा वास नाकात, आणि कोणत्या तासात आहे हेही समजेना. मागून चाचा ओरडले, “माघारी या! वरून पाहा! तुम्ही बी पडसान!”

मी माघारी आलो. मोठ्या बॅटऱ्यांपैकी एक संपलेली, एक सकाळपासून फुगलेली, आणि तिसरी नुकतीच वापरून काढलेली. तिच्यात किती उरलं होतं? दोन मिनिटं, फार तर तीन. बॅटरी उतरली की यंत्राने आपोआप माझ्याकडे परत यावं, अशी सोय मी करून ठेवली होती. ती मी बंद केली. म्हणजे आता जे काही होतं ते माझ्या दोन अंगठ्यांवर होतं. यंत्र उचलताच रिमोट टुंईटुंई करायला लागला.

स्क्रीनवर हिरवं, हिरवं आणि हिरवं. उभा माणूस दिसला असता, बसलेला किंवा पडलेला कसा दिसणार? मी खांब शोधला. खांबाच्या अलीकडे, जिथे दादाने दुपट्टा हलवला होता तिथे यंत्र नेलं आणि खाली आणलं. आणखी खाली. मग पात्यांच्या वाऱ्याने कपाशी दुभंगायला लागली, झाडं दोन्ही अंगांना लवली, आणि त्या फटीत लाल रंग आला. दुपट्टा. दुपट्ट्याखाली बनियन. हलत नव्हतं काही.

“इथी हाय! यंत्राच्या खाली!” मी ओरडलो आणि धावायला पाय उचलला. पण मी धावू शकत नव्हतो. अंगठे सोडले असते तर खूण गेली असती. दुखऱ्या गुडघ्यांचे चाचा केव्हाच कपाशीत शिरले होते. मी बांधावर उभा होतो, माझा भाऊ दीडशे पावलांवर पडला होता, आणि त्याच्याकडे दुसरा माणूस आवाजाच्या अंदाजाने पळत होता. आयुष्यात मला एवढं लाचार कधीच वाटलं नाही. रिमोट ओरडत होता. यंत्र बुडू लागलं, मी वर रेटत होतो. खाली चाचांची पांढरी टोपी आली, त्यांचा हात वर झाला. ते दोघं खाली, आणि वर फिरणारी सहा पाती. मी यंत्र आठ-दहा तासं बाजूला ढकललं. तिथे ते पडलं.

कॅमेरा फुटल्याचा आवाज मी ऐकला आणि मला वाईट वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. ही गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नाही.

दादाचं अंग घामाने निथळत होतं, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. आम्ही त्याला फरफटत बांधावर आणला. चाचांनी त्याचे कपडे काढले आणि ड्रममधलं पाणी तांब्या-तांब्याने अंगावर ओतलं. मी त्याचं डोकं धरून एकच विचारत होतो, “दादा, सकाळी काय खाल्लं? दादा, काय खाल्लं सकाळी?” त्याने माझ्याकडे बघितलं, पण मला ओळखलं नाही. शेजारच्या मळ्यातली जीप मिळाली. बुलढाण्याचा घाट चढून वर जाईपर्यंत चाचा त्याला कुशीवर धरून बसले होते आणि पुटपुटत कसलीशी दुआ म्हणत होते.

तीन दिवस तो शुद्धीत नव्हता. हात बांधून ठेवावे लागले, कारण तो हवेतून अळ्या वेचायचा. सुया चालू होत्या. वहिनी आली. तिने फक्त विचारलं, “बांधावर कोण होतं?” चौथ्या दिवशी सकाळी मी खाटेजवळ बसून पुन्हा तोच प्रश्न विचारला, सवयीने, उत्तराची आशा न ठेवता. तो छताकडे बघत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, “भाकर. अन् ठेचा.” मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडलो.

लग्नाची सुपारी मी परत केली. कॅमेरा गेला होता, पण आतलं कार्ड शाबूत निघालं. कधीतरी एका दुपारी स्टुडिओचं शटर ओढून मी ते लावलं. त्या वेळी क्षितिज बघत होतो, आता दादाला बघितलं. तो हात दाखवत नव्हता. दुपट्टा दोन्ही हातांनी धरून उजवी-डावीकडे ओढत होता, आणि मध्येच तोल जाऊन झाडाला धरत होता. पाठीवर पंप नव्हता. भरलेली टाकी ओळीच्या मध्यातच उतरवून दादा कधी गंमत करत उभा राहील का? हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. दुसऱ्या कोणालाही कळलं असतं. मग चित्रातून तो निघून जातो, कारण मी कॅमेऱ्याची मान वर केली होती.

हे मी त्याला सांगणार नव्हतो. माघात आम्ही पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटत होतो. अळीने खायचं ते खाल्लं होतं आणि दादाने ठरवलं होतं की रान मोकळं करून टाकायचं. चाचाही आले होते, गुडघ्यांमुळे बांधावर बसून. दादाचा आवाज अजून जरा जड यायचा. खांबाच्या अलीकडे आलो तसा तो थांबला आणि कंबर सरळ केली.

“तुहं ते मशीन इथीच आलतं ना? माह्या डोक्यावर?”

“हाव,” मी म्हणालो.

“मी दिसलो काय तुले?”

खोटं बोलायची मला सवय आहे, धंद्यात लागते. तेव्हा जमलं नाही. “दिसला. मले वाटलं, तू टिंगल करून राह्यला.”

त्याने हातातली पऱ्हाटी ढिगावर टाकली. रागावेल असं मला वाटलं, रागवायला हवा होता. तो नुसता आठवत होता.

“गरगरलं तसा पंप उतरवला म्या,” तो म्हणाला. “बांधाकडे येऊन राह्यलो होतो. हळूहळू, पण येऊन राह्यलो होतो. मंग ते मशीन आलं, अन् बराबर माह्यावर थांबलं. हाललंच नाई. म्हटलं, पाह्यलं यानं. आता येईन.”

त्याने पुढची पऱ्हाटी धरली, ओढली, मुळासकट उपटली.

“मंग मी खाली बसलो.”